पाठीवरचं वासरू

भर उन्हाळ्यात, दुपारी लाइट गेली की आमच्या गच्चीच्या कठड्यावर एक बाई डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन बसायची. मुदखेडचं वैशाखातलं ऊन म्हणजे कुत्रं गटारात पोट टेकून पडतं, रस्त्यानं चिटपाखरू जात नाही, आणि ही बाई घोंगडीत. हलायची नाही, घाम पुसायची नाही. समोरच्या घरातली म्हातारी एकदा वाळवण उचलायला तिच्या गच्चीवर आली, हिच्याकडं नजर गेली आणि पापडांवरच बसली. पापडांचा चुरा झाला म्हणून तिच्या सुनेनं गल्ली डोक्यावर घेतली. पुढं म्हातारी आमच्या दारावरून जाताना पदराचं टोक दातात धरून जायची.

मी वर जाऊन विचारलं, "बाई, हे काय करून राहिल्या?"

घोंगडीतून आवाज आला, "आतून कसं दिसतं ते बघून राहिले, काका."

"काय दिसतं मग?"

"सगळे भ्यालेले दिसतात. चांगले बी आन् वाईट बी सारखेच."

ही बाई आमची भाडेकरू. खाली माझी पिठाची गिरणी, गिरणीच्या मागं आम्ही दोघं नवराबायको, आणि वरची खोली तिची. गल्ली तिला चित्रबाई म्हणायची, मी नुसतं बाई म्हणायचो. नवरा होता का, मेला का, पळाला का, कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोची जबान सडेतोड. तिनं पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, "नवरा कुठं हाय?" तर बाई म्हणाली, "मावशी, त्याचं चित्र अजून मला जमलं न्हाई." बायको इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. तिथून दोघींचं जमलं.

बाई चित्रांची पुस्तकं करायची. चौकटीचौकटीत चित्रं, आणि माणसाच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात त्याचं बोलणं. पोरं त्याला कॉमिक म्हणतात. नांदेडला रेल्वेनं जायची, झेरॉक्स काढून आणायची, इथं बसून स्वतः पिना मारायची आणि स्टँडवर, बाजारात, जत्रेत विकायची. सगळ्या पुस्तकांत एकच बाई: घोंगडीवाली. डोक्यापासून पायापर्यंत काळी घोंगडी, आणि तोंडाच्या जागी बी काळंच. तोंड कधी काढलंच नाही.

शाई ती विकत घेत नव्हती. मागच्या अंगणात बायकोची चूल होती. गॅस होता घरात, पण भाकरी चुलीवरचीच लागायची. तव्याच्या बुडाला जी काजळी धरते ती बाई चमच्यानं खरवडून न्यायची, बाभळीच्या डिंकात खलायची आणि त्यानं घोंगडी रंगवायची. बायको म्हणायची, "माझं तवा घासायचं काम वाचलं."

खोडरबर तर तिच्या खोलीत नव्हतंच. हात चुकला, कोणाचं नाक वाकडं आलं, तर ती पुसत नव्हती. म्हणायची, "काका, पुसलेलं माणूस कागदाखालून बघत ऱ्हातं." चूक झाली की ती चूक घोंगडीच्या काळ्यात घ्यायची. म्हणून घोंगडी पुस्तकागणिक वाढत गेली. शेवटी शेवटी तर अर्ध्या कागदावर घोंगडीच असायची आणि गाव कोपऱ्यात दबून बसल्यासारखं दिसायचं. बाई कधी "आज चित्र काढलं" असं म्हणायची नाही. म्हणायची, "आज आली," नाहीतर, "आज आली न्हाई." ऐकणाऱ्याला वाटावं, गावावरून कोणी यायचं हाय.

दुपारी लाइट गेली की गिरणी बंद. मग बायको तांब्याभर ताक घेऊन वर जायची. तिला वाचता येत नव्हतं. बाई तिला पाट द्यायची, समोर कागद मांडायची आणि एकेक चौकट वाचून दाखवायची. मी जिन्यात बसून ऐकायचो. बायकांच्या मधी कशाला जा.

पहिल्या पुस्तकात घोंगडीवाली नुसतं भूत होती. विहिरीवर बसायची, दारू पिऊन आलेल्या माणसाला हाक मारायची आणि बुडवायची. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कामून बुडवती?"

"भूत हाय म्हणून, मावशी."

"भुताला बी कारण लागतं, पोरी. खामखा कोणी कोणाला बुडवत न्हाई."

दुसऱ्या पुस्तकात घोंगडीवालीला कारण मिळालं. काय ते मी सांगत नाही, पण वाचून आमच्या गल्लीतले दोन बाप्ये सांजच्याला घरी बसायला लागले. त्याच्या पुढच्या पुस्तकात तिनं एका सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चोरला. बाईच्या मनात, जुडगा सुनेला द्यायचा. बायको पाटावरून उठली. "सुनेला दिला तर ती चांगली झाली. मग कोण वाचतं तिला? ठेवू दे स्वतःला. वाजवत फिरू दे गावभर. सुनेला बी झोप न्हाई, सासूला बी न्हाई." तसंच झालं. त्या पुस्तकात नुसता किल्ल्यांचा आवाज हाय, पानापानावर. आमच्या शेजारची एक सून सांगायची की तिला तो दुपारी खरंच ऐकू येतो. मी तिला म्हटलं, कमरेला हात लावून बघ, तुझाच असंल.

मग आलं ते जळिताचं पुस्तक. एक माणूस बायकोला ढोरासारखा मारायचा. घोंगडीवालीनं त्याच्या कडब्याची गंज पेटवली. वाऱ्यानं आग गोठ्याला लागली आणि दाव्याला बांधलेलं वासरू जळालं. हे बाईनं काढलं खरं, पण वाचताना ती वासरापाशी अडली. ती म्हणाली, "मावशी, वासरू न्हाई ठेवत. वासरानं काय केलं होतं?"

बायकोनं ताकाचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "वासरू मेलंच पाहिजे. आग लावली की वासरू मरतं. पेटवणारीला आधी दिसत न्हाई, मागून दिसतं. दाखव तिला."

"मग लोक तिला वाईट म्हणतील."

"म्हणू दे की. वाईट बी हाय ती. पण त्या बाईच्या मदतीला दुसरं कोणी आलं का?"

त्या दिवसापासून घोंगडीवालीच्या पाठीवर वासरू आलं. मेलेलं. तिनं ते खाली ठेवलं नाही. पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती चोरी करायला जाते, कोणाला वाचवायला जाते, कोणाला भिववायला जाते, आणि घोंगडीखाली पाठीवर तो फुगवटा असतो. एका चौकटीत घोंगडीच्या खालून एक खूर दिसतो. तेवढाच.

नवरात्रात आम्ही तिघं माहूरला गेलो. मंदिराच्या पायऱ्यांवर, बांगड्यावाली आणि कुंकवावाला यांच्या मधी बाईनं प्लास्टिकचा कागद अंथरून पुस्तकं मांडली. दर्शनाला आलेल्या एका बाईनं वरचं चित्र बघितलं. काळी बाई, तोंड झाकलेलं, पाठीवर काहीतरी. तिला वाटलं, लेकरू हाय.

"ही कोणती देवी, ताई?"

"देवी न्हाई. हिनं आग लावली," चित्रबाई म्हणाली.

पण त्या बाईनं तोवर डोळे मिटले होते. तिनं पुस्तकाला हळदकुंकू लावलं, खण नारळ ठेवला, ओटीच भरली. तिच्या मागची थांबली. मग तिसरी. ज्यांची कूस उजवली नव्हती अशा बाया एकमेकींना सांगत आल्या. उन्हं कलायच्या आत नारळांचा ढीग झाला आणि पुस्तकं सगळी गेली. एकीनं बी उघडून बघितलं नाही. देवीचं पुस्तक कोण उघडतं? डोक्याला लावतात आणि पिशवीत घालतात.

एकीनं माझ्या बायकोला विचारलं, "नवसाला पावती का हो?"

बायको म्हणाली, "पावती. पण काय मागता ते बघून मागा. हिच्यापाशी लेकरू न्हाई, वासरू हाय. ते बी जळालेलं."

त्या बाईचं तोंड उतरलं. आणि तिनं आणखी एक नारळ ठेवला.

येताना गाडीत चित्रबाई रिकाम्या प्लास्टिकच्या कागदाला घड्या घालत बसली. मुदखेडला उतरल्यावर म्हणाली, "मावशी, बायांनी माझ्या वासराचं लेकरू केलं."

"करू दे. तिच्या पाठीला तर ठाऊक हाय काय हाय ते."

त्याच वर्षी थंडीत माझी बायको गेली. पोटात दुखतं म्हणत होती. नांदेडला नेलं, डॉक्टरनं पोट उघडलं आणि परत शिवलं. जास्त लिहीत नाही. लिहिलं की परत होतं.

तिचा धड एक फोटो नाही. लग्नातला होता तो वाळवीनं खाल्ला, आणि खाल्ला तो बी तिच्याच बाजूनं. मी तसाच उभा हाय टोपी घालून. पुण्याला राहणाऱ्या पोराच्या मोबाइलात लई हायेत, पण कॅमेरा दिसला की ती पदर ओढायची. सगळ्या फोटोंत पदर हाय, बायको नाही. आधार कार्डावर ती चोरीत धरलेल्या बाईसारखी दिसते. पोरगा तिकडं बोलावतो. मी जात नाही. तिथं तिला काय माहीत मी कुठं हाय ते.

एका दुपारी लाइट गेली, गिरणी थांबली. वरून बोलण्याचा आवाज आला. बाई बोलायची, थांबायची, मग हसायची. जिथं माझी बायको काही बोलली असती बरोबर तिथं थांबायची. वर गेलो. बाईसमोर पाट मांडला होता, पाटाजवळ पाण्याचा पेला.

"कोणाशी बोलून राहिल्या, बाई?"

"मावशीशी."

"काय म्हणती?"

"बोलत न्हाई. पयले बी आधी ऐकूनच घ्यायची की."

मी पाटाकडं बघितलं आणि तसाच खाली आलो. रागावणार होतो, पण कशाला? माझ्या घरात कोणीतरी तिला पाणी ठेवून राहिलं होतं. मला ते सुचलं नव्हतं.

पण घोंगडीवाली येईना. बाई सकाळी कागद मांडायची आणि संध्याकाळी कोराच उचलायची. तव्याची काजळी संपली होती. मी गॅसवर खिचडी करायचो, चूल बायको गेल्यापासून थंड. अशात लातूरचा एक माणूस आला. देवादिकांचे फोटो, कॅलिंडरं छापायचा धंदा. माहूरची गर्दी त्यानं बघितली होती. जिना चढताचढताच बोलायला लागला.

"मालक, तुमच्या भाडेकरणीच्या हाताला देवी लागलीय आन् तिला पत्ता न्हाई!"

वर जाऊन त्यानं बाईला सांगितलं, घोंगडी काढायची. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, पाठीवरचं लेकरू मांडीवर घ्यायचं, गोरं, गुटगुटीत. चोऱ्यामाऱ्या बंद, आग बंद.

"ते वासरू हाय," बाई म्हणाली.

"आतापतोर होतं. येत्या नवरात्रापासून लेकरू."

"आन् मेलेलं हाय."

"शुभ बोला, बाई!" त्यानं आणलेल्या पेढ्यांपैकी एक स्वतःच खाल्ला. "एक अडचण हाय. तोंड पाहिजे. बिनतोंडाच्या देवीला कोण हात जोडतं? तोंड काढा, मग घराघरात लागती का न्हाई बघा."

तो गेल्यावर मी बाईला विचारलं, "देणार का तोंड?"

"मावशी गेली, आता घोंगडीवालीला रागवायला कोण हाय, काका? होऊ दे देवी. सुटंल बिचारी."

"कोणाचं तोंड देणार?"

बाईनं माझ्याकडं बघितलं. "तुमी म्हणाल तर मावशीचं."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. माझी बायको घराघरात, भिंतीवर, हळदकुंकू लावलेली. मी कोणाच्या बी घरी गेलो की ती समोर. पण एक विचारलं मी. "मग ती बोलंल का? टोमणे मारंल का आधीसारखी?"

"देवी कुठं बोलती? लोकच तिला बोलतात."

तरी मी हो म्हटलं. तोंडासाठी जीव तुटत होता. तिचं तोंड रोज थोडं थोडं मला दिसेनासं होत चाललं होतं, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

शाईसाठी मी चूल पेटवली. डोळ्यांत धूर गेला. भाकरी अशी झाली की कुत्र्यानं हुंगली आणि सोडली. पण तव्याला काजळी धरली. ती घेऊन वर गेलो, खिडकीजवळ बसलो. लाइट गेलेली, गल्ली चिडीचूप.

"सांगा," बाई म्हणाली. "कपाळ?"

"रुंद."

"डोळे?"

"डोळ्यांसारखे."

"काका."

"बारीक. पण रागावली की मोठे व्हायचे."

बाईनं काढलं. चांगली बाई होती कागदावर, पण माझी नव्हती. मी म्हटलं, "ही तिची बहीण वाटती." बाईनं ब्रश बुडवला आणि ती बहीण काळ्यात घेतली. बाजूला दुसरी काढली. नाकात चमकी सांगितली, हनुवटीवरचं गोंदण सांगितलं. ही बी नाही. काळ्यात गेली. मग मला आठवलं, गालावर तीळ होता.

"कोणत्या गालावर?"

मी माझ्या उजव्या गालावर बोट ठेवलं. मग वाटलं, ती समोर बसायची, म्हणजे तिचा डावा असंल. बोट डाव्यावर नेलं. मग ते बी पटेना. मी दोन्ही गालांवर बोटं फिरवत बसलो आणि बाई ब्रश धरून थांबली. इतकी वर्षं एका ताटात जेवलो त्या बाईचा तीळ मला सापडेना. जे जे सांगितलं ते ते कागदावर आलं आणि प्रत्येक वेळी कोणीतरी परकी बाई माझ्याकडं बघायची. एकेक करून सगळ्या काळ्यात गेल्या. कागद ओला, जड, नुसता काळा झाला. बोटभर जागा राहिली.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "मी होते तवा बघायचं की निरखून. आता कागदात कामून शोधून राहिले?"

मला लागलं ते. मी म्हटलं, "बाई, टोमणा मारू नका."

बाईनं मान वर केली. "मी कुठं बोलले? मला वाटलं, तुमीच मावशीची नक्कल केली."

पाटावर कोणी नव्हतं, मी नीट बघितलं. पेल्यातलं पाणी होतं तेवढंच होतं. भुताखेतांवर माझा भरोसा नाही, आज बी नाही. पण टोमणा तिचाच होता. तो मी कुठं बी ओळखीन. तोंड ओळखणार नाही कदाचित, पण टोमणा ओळखीन.

बाईनं एकदम ब्रश बुडवून ती राहिलेली बोटभर जागा बी भरून टाकली. म्हणाली, "आली."

लातूरचा माणूस परत आला तेव्हा तिनं तो कागद त्याच्यापुढं धरला.

"हे काय, शाई सांडली का?"

"तोंड मागितलं होतं ना? हे तोंड."

तो माझ्याकडं वळला. मी म्हटलं, "माझ्या बायकोचं हाय. नीट बघा, वेळ लागतो."

त्यानं खरंच बघितलं. वाकून बघता बघता त्याच्या हातातला पेढा हातातच राहिला. काय दिसलं त्याला देव जाणे. चपला हातात घेऊन तो जिना उतरला. पुढं त्यानं दुसऱ्या कोणाकडून गोरी देवी काढून घेतली. ते कॅलिंडर कोणीतरी माझ्या गिरणीत बी आणून लावलं. मी ते काढून पिठाच्या डब्याखाली अंथरलं.

घोंगडीवाली परत यायला लागली. आधीपेक्षा जास्त कडू झाली होती. एका पुस्तकात ती एका भल्या माणसाला भिववते, नुसतं तो फार भला म्हणून. मला ते पटलं नाही, पण हसू आलं. आता वाचून दाखवायला बाई मला बोलावते. मी पाटावर बसत नाही, उंबऱ्यावर बसतो.

परवाच्या दुपारी बाईनं नवा कागद मांडला. त्यात एक गिरणी हाय. पट्टा थांबलेला, सगळीकडं पीठ उडून बसलेलं, आणि पोत्याला टेकून एक म्हातारा झोपलेला. दारात घोंगडीवाली उभी. पुढची चौकट कोरी.

"हा मी हाय का?" मी विचारलं.

"मला ठाऊक न्हाई. ती इथं आली आन् थांबली. दोन दिवस झाले, हालत न्हाई." बाईनं ब्रश खाली ठेवला. "मावशी असती तर तिनं सांगितलं असतं. आता तुमी सांगा, काका. म्हाताऱ्याला न्यायला आली का त्याला भाकरी करून घालायला आली?"

मी लई वेळ त्या दारातल्या काळ्याकडं बघितलं. खाली लाइट आली, कोणीतरी दळण घेऊन आलं असावं, हाक मारत होतं. मी उठलो नाही.

"कशाला आली ते तिला दारातच विचारू नका," मी म्हटलं. "आत येऊ द्या आधी."